सहा बाय तीनची सव्वीस दारं

(लातूर. दारांचं दुकान, सकाळी शटर उघडल्यावर. लुबना कॉम्प्युटरवर, गोदाम सांभाळणारे शिवप्पा समोर उभे.)

लुबना : काका, मी तीनदा बघितलं. सहा बाय तीनची दारं कॉम्प्युटर चाळीसच सांगतोय.

शिवप्पा : आन् गोदामात सव्वीस हायत. मी बी दोनदा मोजली.

लुबना : बिलालशेठ म्हणतात, चौदा दारं गोदामातूनच गेली.

शिवप्पा : म्हंजी मीच नेली. बावीस वर्सं चावी माझ्याकडं हाय. आन् दार काय खिशात घालून न्यायची चीज हाय व्हय?

लुबना : मी तसं म्हणत नाही. पण शीटमध्ये एका दाराची एक ओळ आहे. फॉर्म्युला नुसत्या ओळी मोजतो, तो कशाला खोटं बोलेल?

शिवप्पा : खोटं न्हाई, भलतंच कायतरी मोजून राहिला. साडेसहा बाय तीनची किती दावतो?

लुबना : थांबा. चौदा.

शिवप्पा : गोदामात बी चौदाच हायत. आता सव्वीस आन् चौदा किती, तूच सांग.

लुबना : चाळीस. या अल्ला, साडेसहाची दारं सहातपण धरली त्यानं.

शिवप्पा : अर्धा फूट गिळला की तुझ्या मशिननं.

लुबना : मशिननं नाही, मी. 'बाय'च्या जागी आपण स्टार टाकतो ना? सहा, स्टार, तीन. फॉर्म्युल्यात स्टार म्हणजे मधे काहीपण चालेल. सहानं सुरू होऊन तीनवर संपलं की तो मोजतो. 6.5*3 पण त्यात बसतं.

शिवप्पा : मग सांग की त्याला, हा स्टार म्हंजी निस्ता स्टार हाय.

लुबना : त्याच्या आधी ही नागमोडी रेघ टाकली की कळतं त्याला. 6~*3. झालं. बघा आता.

शिवप्पा : चष्मा न्हाई. वाच तू.

लुबना : सव्वीस.

शिवप्पा : हाव.

लुबना : माफ करा काका. शेठना आत्ता फोन लावते.

शिवप्पा : फोन नगं. काल चार गिऱ्हाइकांपुढं इचारलं त्यानं, 'काका, दारं कुठं गेली?' लई लागलं मला. घरी बायकूला, महादेवीला, सांगायला बी त्वांड उघडंना.

लुबना : मग शेठ येऊ द्या. गिऱ्हाइकं बसली की सांगते. चूक माझी होती, हेपण सांगते.

शिवप्पा : जरा मोठ्यानं सांग.