ठोका कोण देतं

ताई: आधी त्या कपड्यांच्या पेटीवरची टकटक बंद कर. खेळाच्या आधी मला शांत बसायचं असतं, माहितीये ना तुला?

बारक्या: केली बंद. पण सांग ना. दहापैकी किती?

ताई: काय दहापैकी किती?

बारक्या: माझं ड्रम वाजवणं.

ताई: का रे, कुणी मुलगी सांगून आलीये? तिच्या बापानं विचारलंय का, जावई तालात आहे ना?

बारक्या: ताई, थट्टा नको. खरं सांग.

ताई: बरं बाबा. आठ. बँडमास्तर तर म्हणतात, या अख्ख्या सर्कशीत सरळ चालणाऱ्या दोनच गोष्टी, एक घड्याळ आणि एक बारक्या. आणि घड्याळाचं ते खात्रीनं सांगत नाहीत.

बारक्या: मास्तर आठ देतात, तू आठ देतेस. मीसुद्धा स्वतःला साताच्या खाली कधी उतरवलं नव्हतं. आज सकाळपासून तीनवर आलोय.

ताई: एका सकाळीत? असं काय आभाळ कोसळलं?

बारक्या: सकाळच्या सरावात झोक्यावरून तू भाऊजींच्या हातात जाताना निसटलीस.

ताई: निसटले नाही. जरा बोटांवर आले. तुझ्या भाऊजींनी धरलं की. हाताला पावडर कमी लागली होती.

बारक्या: पावडर कमी नव्हती. माझा ठोका उशिरा आला.

ताई: असेल. माणूस आहेस, होतं कधीतरी.

बारक्या: का उशिरा आला ते तर ऐक. मालकांनी नवा दिवा लावलाय ना बँडच्या समोर? तो सकाळी लावून बघत होते. एकदम डोळ्यांवर आला आणि तू मला दिसेनाशी झालीस. झोका दिसेना, तू दिसेना. काड्यांचा सलग रोल चालू होता, हात चालू होते, आणि शेवटचा ठोकाच येईना. हात नुसता वाट बघत बसला.

ताई: कुणाची वाट?

बारक्या: तुझी. झोका सोडायच्या आधी तू पायांचे अंगठे जुळवतेस. दर वेळी. ते जुळले की मी ठोका मारतो.

ताई: काहीतरीच काय बोलतोस. मी तुझ्या ठोक्यावर झोका सोडते.

बारक्या: आणि मी तुझ्या अंगठ्यांवर ठोका मारतो.

ताई: अरे, अंगठे मी जुळवते कारण तुझा रोल चढत जातो. मला कळतं, आता ठोका येणार.

बारक्या: रोल मी चढवतो कारण तू पुढच्या टोकाला चाललेली दिसतेस.

ताई: थांब. थांब जरा.

बारक्या: सकाळपासून थांबलोच आहे. जेवलो नाही.

ताई: एवढी वर्षं पडले नाही ना मी?

बारक्या: एवढी वर्षं तुझे डोळे उघडे होते, ताई. आज संध्याकाळी डोळ्यांवर पट्टी आहे.

ताई: पट्टी बांधून आठवडाभर सराव केलाय आपण.

बारक्या: त्या पातळ पट्टीत तुला दिसत होतं. तूच म्हणालीस, भाऊजींची सावली कळते म्हणून.

भाऊजी: काय, माझी सावली काय? येऊ का आत? हे घे, तुझी पट्टी. शिवणारीनं आतून दुहेरी अस्तर लावलंय. मी बांधून बघितली आणि दारालाच धडकलो. उजेडाचा ठिपकासुद्धा येत नाही.

ताई: ही कशाला? जुनी होती की.

भाऊजी: मालक म्हणाले, आज प्रेक्षकांतल्या एकाला बोलावून आधी त्याच्या डोळ्यांवर बांधायची. खोटं वाटायला नको. काय झालं? दोघांचे चेहरे असे का?

बारक्या: भाऊजी, तुम्हाला एक विचारू? ताईला सोडायचा इशारा कोण देतं?

भाऊजी: हा काय प्रश्न झाला? मी देतो.

ताई: तुम्ही?

भाऊजी: मग काय! मी उलटा लटकून आलो की "हं" म्हणतो. मग तू सोडतेस. मग हा आपला ठोका मारून देतो, लोकांना बरं वाटावं म्हणून.

ताई: अहो, तुमचं "हं" मला आजवर एकदाही ऐकू आलेलं नाही.

भाऊजी: काय सांगतेस?

ताई: याच्या रोलमध्ये कुठलं ऐकू येणार!

बारक्या: मला तर तुम्ही काही म्हणता हेच माहीत नव्हतं.

भाऊजी: म्हणजे मी सगळी वर्षं तिथं उलटा लटकून स्वतःशीच हुंकार देतोय?

ताई: हसू नका. मला हसू येत नाहीये.

भाऊजी: मलाही येत नाहीये गं. तोंड तसं झालं, एवढंच. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात, ते हेच.

बारक्या: ती तुमच्याकडे बघत होती, तुम्ही तिच्याकडे, मी तिच्या पायांकडे. बघण्यावर निभावलं सगळं. आज तिचं बघणं काढून घेतलं की ती फक्त माझ्या ठोक्यावर सुटणार. आणि मी बसणार तिचे अंगठे जुळायची वाट बघत. ते जुळणारच नाहीत, कारण ती माझी वाट बघत असेल.

ताई: मग माझ्याकडे बघू नकोस. तूच ठरव आणि मार.

बारक्या: तेच तर मला येतं का, हे विचारतोय! मला ताल धरता येतो, ताई. कुणीही काहीही वाजवलं तरी मी मागोमाग जातो. मास्तर त्याचेच आठ देतात. स्वतःहून ताल द्यायचा प्रसंग माझ्यावर कधी आलाच नाही. त्यात मी किती पाण्यात आहे, ते मलाच ठाऊक नाही.

भाऊजी: बघू या की मग. तो बूट दे इकडे.

ताई: बूट कशाला?

भाऊजी: नाडीनं खुंटीला टांगतो. झोकाच समज. बारक्या, तू भिंतीकडे तोंड कर. मी सोडला की सांगतो, पहिले दोन हेलकावेही मोजून सांगतो. पुढचे तू मनात धर. पेटीवर रोल वाजव आणि बूट पुढच्या टोकाला गेला असेल तेव्हा ठोका मार. मी बघतो. कर तोंड तिकडे. हं, सोडला. एक. दोन.

ताई: बरोबर! बरोबर आला.

भाऊजी: तू बोलू नकोस. परत. एक. दोन.

ताई: हाही आला की. उगाच घाबरवलंस मला.

भाऊजी: बारक्या, आता समज, हा बूट नाही. तुझी ताई आहे. पट्टी बांधलेली आहे. सोडला. एक. दोन.

ताई: अहो, काय हो हे.

भाऊजी: लवकर आला. बूट अजून मधेच होता.

बारक्या: परत लावा.

भाऊजी: एक. दोन. हाही लवकर.

बारक्या: परत.

भाऊजी: पुरे रे. घाम बघ किती आलाय तुला.

बारक्या: किती लवकर? खरं सांगा, भाऊजी. माझं मन राखायला बोलू नका.

भाऊजी: मी हात पुढे केले असते आणि ही यायच्या आधीच खाली गेली असती, इतका. बुटाला तू सहज आठाचा आहेस. ताईला नाहीस. घाबरलास की तू पळतोस.

बारक्या: म्हणजे तीन.

भाऊजी: आकडा मला विचारू नकोस. मी झेलणारा माणूस, मास्तर नाही.

बारक्या: मी आज बसत नाही ड्रमवर. सांगतो जाऊन, हात दुखावला.

ताई: आणि मग? मास्तर त्या ट्रंपेटवाल्याला बसवतील ड्रमवर. त्याला स्वतःच्या पायातला बूट सांभाळता येत नाही. दगडापेक्षा वीट मऊ, तूच बस.

बारक्या: मग तू जाऊ नकोस वर.

ताई: मालक काय म्हणाले, ऐकलंस ना? पट्टीचा खेळ जमत नसेल तर वरच्या झोक्यावर दुसरी जोडी आणतो. मग आम्ही दोघं काय करायचं? खाली चेंडू उडवायचे?

बारक्या: उडवा! काय वाईट आहे चेंडूत? चेंडू पडला तर उचलता येतो.

भाऊजी: आवाज खाली घे. बाजूच्या खोलीत ऐकू जातं.

बारक्या: जाऊ दे. मला भीती वाटते, भाऊजी. तिला भीती वाटत नाही, तुम्हाला वाटत नाही, मग सगळी मीच घेऊन बसतो.

ताई: कोण म्हणालं मला वाटत नाही? अरे, आठवडाभर वाटतेय. रात्री कूस बदलली तरी दचकून जागी होते, हाताखाली झोका नाही म्हणून. वाट बघत होते की कुणीतरी म्हणेल, नको करूस. यांनी म्हटलं नाही.

भाऊजी: मला वाटलं, तुला करायचंय.

ताई: करायचंय. पण कुणी नको म्हणालं असतं तर बरं वाटलं असतं.

भाऊजी: नको करूस.

ताई: आता काय उपयोग! पण बरं वाटलं.

बारक्या: खाली जाळी तरी आहे. आहे ना?

ताई: डोळे उघडे असले तर जाळी. हवेत वळून पाठीवर पडता येतं. पट्टीत तर खाली कुठल्या बाजूला आहे, तेच कळेनासं होतं. पहिल्या दिवशी त्या पातळ पट्टीतसुद्धा एकदा असंच झालं. सगळ्या सावल्या गरगरल्या. मग तुझा ड्रम ऐकू आला. म्हटलं, बारक्या तिथे आहे, म्हणजे जमीन तिथे आहे.

बारक्या: हे तू कधी बोलली नाहीस.

ताई: बोलायचं काय त्यात? भाऊ खाली बसलेला असतो, एवढंच.

भाऊजी: मग असं करू या. सोडायचा इशारा मी देतो. मलाच सगळं दिसत असतं, माझंच काम ते. मोठ्यानं ओरडतो. हुंकार नाही, चांगलं "सोड" म्हणून.

ताई: रोलमध्ये ऐकू यायला हवं ना पण.

भाऊजी: म्हणून रोल मोठा नको. चढवायचा नाही. बारक्या, तू हळू वाजवायचं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसारखं. आणि ठोका मारायचा नाही.

बारक्या: ठोका नाही?

भाऊजी: अजिबात नाही. ही ठोक्यावरच सुटायला शिकलीये. चुकून मारलास तर सुटेल.

बारक्या: मास्तर खवळतील. रोल लावून ठोका न मारणारा ड्रमवाला म्हणजे... लोक हसतील.

भाऊजी: हसू देत. तुला जमेल का ते सांग. हात शिवशिवणार. लोक श्वास धरून बसणार, मास्तर डोळे वटारणार, आणि तू मारायचा नाहीस. ती सुटली तरी नाही, झेलली तरी नाही.

बारक्या: हे मला येतं की नाही, हेही मला माहीत नाही.

ताई: मग चल. लोक यायला वेळ आहे अजून, तंबू रिकामा आहे. एकदा करून बघू. जमलं तर मालकांना सांगू, खेळ असाच होणार. नाही जमलं तर मीच जाऊन नाही म्हणून सांगते, मग चेंडू तर चेंडू.

बारक्या: ही नवी पट्टी बांधून?

ताई: हीच बांधून. जुनी बांधून काय कळणार?

(रिकामा तंबू. ताई पट्टी बांधून वरच्या फळीवर, भाऊजी समोरच्या झोक्यावर, बारक्या खाली ड्रमपाशी.)

ताई: बारक्या? कुठे आहेस?

बारक्या: इथेच. खाली.

ताई: वाजव मग. नुसतं बोलू नकोस. बोललास की तुझा आवाज कापतो, मला भीती वाटते.

बारक्या: हे बघ. ऐकू येतंय?

ताई: येतंय. जरा अजून हळू. हं, एवढंच. तुझे भाऊजी ऐकू येतायत का बघू. अहो?

भाऊजी: आहे. पाय अडकवले. हात मोकळे. बारक्या, वर बघू नकोस.

बारक्या: नाही बघत. ड्रमकडेच बघतोय.

भाऊजी: डोळे मीट त्यापेक्षा.

बारक्या: मिटले. भाऊजी, हात पळायला लागलेत माझे. थांबवा.

ताई: पळू देऊ नकोस. बारक्या, ऐक माझं. मला ठोका नकोय तुझा. मला फक्त तू कुठे आहेस ते कळू दे. तेवढंच काम आहे.

बारक्या: तेवढंच.

ताई: हं. आता आला जागेवर. निघाले मी.

भाऊजी: येऊ दे. अजून नाही. मागे जा. परत ये. बारक्या, हळू. हळू.

बारक्या: हळूच आहे.

भाऊजी: आता पुढच्या हेलकाव्याला. कुणी बोलू नका. सोड!

बारक्या: ताई?

भाऊजी: धर, धर. मनगट दे. दुसरं.

बारक्या: ताई! भाऊजी, बोला की कुणीतरी! डोळे उघडू का?

भाऊजी: आहे. आहे माझ्या हातात. दोन्ही मनगटं.

ताई: बारक्या, थांबलास का रे? वाजव. मला अजून खाली यायचंय.