चारशे बारा घरं

ले टू : पण नावांशिवाय यादी त्यांना चालणारच नाही, थरामू. शेजारच्या देशांचे दूतसाहेब तंबूत वाट बघतायत. होडीवाला निघायची घाई करतोय.

नॉ पॉ से : करू दे. शाळा सुटून वीस वर्षं झाली तरी मला थरामू म्हणतोस, मग बाईंचं ऐक आणि आधी बस.

ले टू : मोई नदीच्या त्या काठावर चौदा ट्रक उभे आहेत. तांदूळ, मीठ, ताडपत्र्या, गोवराची लस. शेजारच्या देशांनी पाच महिने बैठका घेतल्या, तेव्हा कुठं आपलं सरकार हो म्हणालं. अट एकच. छावणीतल्या प्रत्येक घराचं नाव, मूळ गाव आणि घरातले पुरुष कुठं आहेत.

नॉ पॉ से : तांदूळ वाटायला पुरुष कुठं आहेत ते कशाला लागतं?

ले टू : कुणी दोनदा घेऊ नये म्हणून, असं लिहिलंय.

नॉ पॉ से : तुला काय वाटतं?

ले टू : मी दुभाषा आहे. मला काही वाटावं म्हणून पगार देत नाहीत.

नॉ पॉ से : आठ दिवसांत तीन पोरं गेली इथं गोवरानं. लस मलाही हवीय. पण थी बा खो गावात काय झालं, ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

ले टू : ते कशाला आता?

नॉ पॉ से : सांग.

ले टू : मागच्या पावसाळ्यात तिथली यादी मी केली. तेव्हाचे दूत वेगळे होते. कागद वाटपापुरताच राहील, असा त्यांना शब्द मिळाला होता. तांदूळ आला, खरंच आला. बारा दिवसांनी सरकारचे सैनिक आले. तिथून पळून आलेल्या एका बाईनं मला सांगितलं, मी घरांना जे नंबर दिले होते त्याच क्रमानं ते घरं पेटवत गेले.

नॉ पॉ से : आणि तरी आज कागद घेऊन आलास.

ले टू : मी नाही तर दुसरा आला असता. त्याला आपली भाषाही धड आली नसती. आणि नावं नाही दिली तर ही पोरं वाचणार आहेत का? तुम्हीच सांगा, मी काय करू.

नॉ पॉ से : मला ठाऊक असतं तर तुला बस म्हटलं नसतं. आल्या पावली परत पाठवलं असतं.

ले टू : मग?

नॉ पॉ से : लिही. घरं चारशे बारा. पाच वर्षांच्या आतली पोरं पाचशे तीस. गरोदर बाया अडतीस. गोवर अंगावर असलेले एकोणसत्तर. सुई टोचायला एवढं पुरतं. वाटपावर नजर ठेवायची तर साहेबांनी आपली माणसं इथं आणून बसवावीत. आणि थी बा खोचं त्यांना सांग.

ले टू : दुभाष्यानं स्वतःचं काही बोलायचं नसतं, थरामू.

नॉ पॉ से : मग माझं म्हणून सांग. तिथं एकोणीस नंबरच्या घरात माझी धाकटी बहीण राहायची.

ले टू : ...वाचली?

नॉ पॉ से : नाही.

ले टू : आल्या आल्या का नाही बोललात?

नॉ पॉ से : आल्या आल्या तू कागद पुढं केलास. जा आता.

(ले टू तंबूत जातो. बऱ्याच वेळानं बाहेर येतो.)

नॉ पॉ से : काय म्हणाले?

ले टू : थी बा खोचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, हे बाई सांगतायत की तू. मी म्हटलं, दोघं.

नॉ पॉ से : बरं केलंस.

ले टू : राजधानीला दोनदा फोन लावला. लस येतेय, आजच. मीठ-साखरेची पाकिटंही. आरोग्याचं सामान ते स्वतःच्या सहीवर सोडू शकतात. तांदूळ मात्र नाही. ते ट्रक परत जाणार.

नॉ पॉ से : किती दिवसांचा होता?

ले टू : दीड महिना निघाला असता.

नॉ पॉ से : लोकांना मी सांगते.

ले टू : म्हणतील, बाई चुकली.

नॉ पॉ से : म्हणू देत. चार दिवस पातळ पेजेवर काढले की मलाही तसंच वाटेल.

ले टू : माणूस वाईट नाही तो. फोन ठेवल्यावर म्हणाला, पुन्हा प्रयत्न करतो.

नॉ पॉ से : करू दे. आणि तुझं काय?

ले टू : दुभाषा बदलणार आहेत. प्रकृतीचं कारण लिहितील. होडीत मला जागा आहे, पण तुमची हरकत नसेल तर थोडे दिवस इथंच राहतो. लसीच्या रांगेला माणूस लागेलच.

नॉ पॉ से : लागेल. पण आधी वर टेकडीवरच्या घरांत जाऊन ये. ती माणसं खाली यायला बिचकतात. आणि हळू बोल. घाईनं बोललास तर त्यांना वाटेल, काहीतरी न्यायला आलाय.