सावळीच्या दाखल्याची चौकशी

सरपंचाकडं कशाला जाता ओ सायेब, तो काय सांगनार सावळीचं? मी सांगते ना. आई हाय मी तिची — भिमी. बसा त्या बाजेवर, दोर ढिला झालाय पन मोडत नाय. चाय ठेवलीय, कोरी हाय, चालंल ना? चालंल, चालंल. डोळखांबवरनं उन्हाचे चालत आलात, घाम बघा किती आलाय. सावळी नाय घरात, ओढ्यावर गेलीय पोरांला घेऊन — तिची नाय ओ, तिला कुठली पोरं — पाड्यातली. बाया कापनीला गेल्या का समदी तान्ही तिच्या गळ्यात. कोन रांगतंय, कोन नाक गळतंय, कोन हगलंय, सावळी समद्यांचं बघते, अन तोंड वाकडं करत नाय कधी. इचारा कोनाला बी. आमच्या धाऊला इचारा, त्याचा नातू भाविक तर आईपाशी निजतच नाय, रडून आभाळ डोक्यावर घेतो, सावळीनं खांद्यावर टाकला का गप.

तेच तर बघितलं ना मुरबाडच्या बाईंनी. आईबाप नसलेल्या पोरांचं घर चालवतात त्या, इथं आलत्या पोरांला गोळ्या द्यायला. बघतच राहिल्या हिच्याकडं. म्हनल्या, भिमाबाई, अशीच आया पायजे मला, तिथंच ऱ्हायचं, तिथंच जेवायचं, अन खोलीभर लहान पोरं. सावळी हसली ओ! इतक्या वर्सांनी हसताना बघितली मी तिला. मग बाई म्हनल्या, पन आधी पोलिसांचा दाखला लागंल, पोरांजवळ मानूस ठेवायचं म्हनजे आदुगर चौकशी करायलाच पायजे. मी म्हनलं, बरोबर हाय बाई. खरंच बरोबर हाय ना सायेब? कोनाच्या मनात काय असतं, आपल्याला दिसतं का? कोनीबी उठावं अन बिनआईच्या पोरांत जाऊन बसावं, असं कसं चालंल? तुमी इचारता ते चांगलंच करता. ती पिवळी साडी वाळत घातलीय बघा, ती नेसून जानार हाय. दोनदा धुतली. मी म्हनलं, अगो, रंग जाईल तिचा.

नवरा? नवरा हाय — म्हनजे नाय. मंगळू त्याचं नाव, त्या टेकडीपल्याडचा. टाकली हिला, दुसरी केली. का टाकली? असंच. आता त्याच्या मनात काय आलं, मी काय सांगू. पाड्याबाहेर? नाय ओ, कुठं जातीय ती. म्हनजे वीटभट्टीवर गेलती, भिवंडीकडं, एकच वर्स. समदेच जातात, भात झोडून झालं का इथं काम कुठं असतं? आमी तिघंच गेलतो, ती, मंगळू अन मी — तिला दिवस होते म्हनून मी संगती गेले.

गुन्हा?

म्हनजे... तुमाला म्हायती हाय तर. वाटलंच मला. पोलिसांचं पोलिसांला कळनारच, कुठं लपतंय ते. मग आता माझं बी आयका सायेब. तिकडच्यांनी कागदात काय लिवलं असंल ते असो, मी होते तिथं, माझ्या या हातांनी केलंय समदं. म्हशाच्या जत्रेच्या टायमाला, पौषात, पोरगी झाली तिला, झोपडीतच झाली. गोरीपान, केस हे एवढे. पन अंगात ताप, दूध घेईना, नुसती तोंड उघडायची अन मिटायची. पाचवी पुजायच्या आदुगरच गेली. सावळीच्या मांडीवर गेली, अन ही आपली तिला थोपटतीच हाय, थोपटतीच हाय, मी हात धरला तवा थांबली. आता आमच्यात एवढं लहान जाळत नाय, पुरतात, तुमच्यात बी तसंच ना? मीठ घालून पुरायचं, वर काटेरी फांदी ठेवायची, कुत्र्यानं उकरू नये म्हनून. गाजावाजा नाय करायचा, घरच्यांनी गुपचूप उरकायचं. पन परक्या गावात पुरायचं कुठं? जमीन ही अशी कडक. मंगळूनं मऊ जागा बघितली, मी म्हनलं बरी हाय, पोरीला टोचायचं नाय. आमाला काय म्हायती, पहिलंच वर्स आमचं — विटांची माती खनायला पानी सोडून ठेवलंतं तिथं, म्हनून मऊ होती ओ ती. सकाळी गडी फावडी घेऊन आले अन माती काढता काढता पोरीला गुंडाळलेलं लुगडं लागलं.

मग काय, शेठ ओरडला, पोरगी झाली म्हनून मारून पुरली. आमच्यात पोरगी कधी जड झालीय कोनाला? पन आयकतो कोन! ओली बाळंतीन, धड उभी ऱ्हात नव्हती, जीपमधी घातली. कोठडीत तिला पान्हा फुटला सायेब. चोळी भिजली समदी, अन ती भिंतीकडं तोंड करून पिळून काढत होती दूध, खाली फरशीवर — मी गजाबाहेरून बघत होते, आई असून काय केलं मी, बघत ऱ्हायले. मागून डाक्टर म्हनला, मारलेली नाय, तापानं गेली. सोडलं मग. केस मिटली का नाय, ते कोनी सांगितलं नाय, आमी इचारलं नाय. मंगळूच्या घरच्यांनी मातर तिला उंबऱ्यात नाय घेतली. तवापासनं ती दुसऱ्याचीच पोरं घेऊन बसते. हे समदं लिवा ना त्या कागदात, डाक्टर काय म्हनला ते बी लिवा.

असं काय बघताय?

नाय? तुमच्या कागदात — कायच नाय? मग गुन्हा म्हनून इचारलंत ते? समद्यांलाच इचारता... असं इचारायचंच असतं...

अरे देवा.

नका लिवू. दादा, पेन ठेवा ना खाली. म्हातारीचं डोकं फिरलंय, कायबी बरळते असं समजा. लिवायला लागंल? तिकडनं मागवायला लागंल समदं — किती दिस? अन बाई तवर थांबतील? नाय ना थांबनार, दुसरी बघतील, त्यांला पोरं सांभाळायला आजच मानूस पायजे. आठ वर्सं तोंड मिटून बसले रे मी, पाड्यात कोनाला नाय सांगितलं, सख्ख्या भावाला नाय सांगितलं, अन तुला बोलावून, बाजेवर बसवून...

चाय ऱ्हाऊ दे. ऊठ. पोरांचा आवाज येतोय, ती येतीय ओढ्यावरनं. इकडनं नको, गोठ्यामागनं जा, तुला बघितलं का पळत येईल अन इचारील, आये, झालं का माझं? जा बाबा. जा.