लगीन झाल्यावर 'ते लाईटचं' सोडायचं

न्हाई, न्हाई आप्पासो, बाँब न्हाई बनवत माझी पोरगी! तासगावात कुनी उठवलं हे? — लेझर म्हंजे वरातीत डीजेवाला नाचवतो तेवढंच तुमास्नी ठावं, व्हय ना? आवं, हितं कुपवाडात शेजारच्या शेडात लेझरनं पत्रा कापत्यात, त्याच्या कैक कोटीपट जोर राजेश्वरीच्या लेझरला — पर कितीसा येळ? डोळा लवायला जेवढा लागतो, त्याचा अब्जावा हिस्साबी लय झाला! केसाहून बारीक पत्र्यावर त्यो झटका बसतो, त्यातनं कण उडत्यात, फुडच्या अणूच्या गाभ्याला धडकत्यात. गाभा खवळतो का, खवळला तर आपल्या हुकमात ऱ्हातो का — ते बघती ती. जमलं का? पुरतं न्हाई अजून. तुमास्नी तरी वीस वर्सं द्राक्षावरचा भुरी रोग कुठं आवरलाय?

आनि मगाशी काय म्हनालात — तुमच्या शिवतेजला पोरगी पसंत हाय, फकस्त लगीन झाल्यावर तिनं 'ते लाईटचं' सोडायचं. वा! पीएचडी करून डॉक्टर झालेली पोरगी तुमच्या शेडात बसून बेदाण्याच्या काड्या येचनार! — न्हाई वो, रागावलो न्हाई. मी कुठल्या तोंडानं रागावू? त्या लेझरच्या लॅबातनं तिचं निवडीचं पत्र आलं तवा मीच ह्या लेथच्या ड्रॉवरात नऊ दिस दाबून ठिवलं हुतं — हे बोलायचं नव्हतं. आता बोललो, तर ऐका. हजर व्हायची मुदत धा दिसांची. धाव्या दिशी तिला गावलं. रडली न्हाई, भांडली न्हाई. बॅग भरली नि गेली. दोन वर्सं फोन न्हाई.

मग येक दिस दारात हुबी, हातात ड्रॉइंग. त्यांचा त्यो पत्रा धरायची चौकट पायजे हुती, आनि येकच नग कुनी करून देत नव्हतं. मला म्हनली, "मिस्त्री, धा मायक्रॉनच्या आत बसाय पायजे. जमंल?" — मिस्त्री! सख्ख्या बापाला! तीनदा केली, तीनदा मोजून माघारी दिली. चवथी हातात फिरवली. "बरी झालीया, अण्णा," म्हनली. — अण्णा. मी मशीन चालू केली, उगंच. आवाजात कळत न्हाई कुनाला काय.

काय म्हनता? तिला मीच समजवून बघू? — न्हाई आप्पासो. परत तिच्या आडवा मी जायचो न्हाई. उठा. गाडी काढा, भायेर ट्रक खोळंबलाय.