फोटोत नसलेलं हाड

डॉक्टर : थांबा, हलू नका. या बांबूच्या कामट्या कुणी बांधल्या?

सिद्धू : म्याच. मेंढराचा पाय मोडला की आमी असंच बांधतो. हळद लावायची, दोन कामट्या, वरनं लोकरीचा दोरा.

डॉक्टर : अहो, हे लिंग आहे, मेंढराचा पाय नाही! कधीपासून बांधलंय?

सिद्धू : काल पहाटंपासनं. जतवरनं एष्टीनं मिरजंला आलो ते असंच. सोडू नगा सायब, हाड जुळायचं न्हाई.

डॉक्टर : कातरला दोरा. बाप रे! वांग्यासारखं काळंनिळं झालंय. खरं सांगा, काय झालं?

सिद्धू : मेंढ्यानं ढुशी दिली.

डॉक्टर : मग मांडीवर वळ कुठाय? मी डॉक्टर आहे, तुमचा सासरा नाही.

सिद्धू : ...नवराबायकोच हुतो आमी. कडाकदिशी वाजलं. ताठलेलं एकदम बसलं अन् सुजाय लागलं. हाडच मोडलं, दुसरं काय?

डॉक्टर : ‘हाड मोडलं’ म्हणालात म्हणून आल्याआल्या काढलेला हा तुमचा एक्स-रे. उजेडाकडं धरतो. ही पांढरी दिसतात ती कमरेची हाडं, ही मांडीची. आता मधे बघा.

सिद्धू : मधी कायच न्हाई. नुसती धुरकट सावली... सायब, हाड कुठं गेलं?

डॉक्टर : गेलं नाही. नव्हतंच.

सिद्धू : असं कसं? आमचं म्हातारं कुत्रं मेलं तवा त्याचं हाड म्या डोळ्यानं बघितलंय.

डॉक्टर : कुत्र्याला असतं, माणसाला नसतं. आत स्पंजासारख्या मांसाच्या दोन नळ्या असतात. त्यात रक्त भरतं, आणि वरचं चिवट आवरण ते धरून ठेवतं, म्हणून ताठरपणा येतो. तुमचं ते आवरण फाटलंय. आवाज त्याचाच.

सिद्धू : मग म्या बाप्या ऱ्हायलो का न्हाई? औंदाच लगीन झालंय.

डॉक्टर : आजच टाके घातले तर बहुतेक पहिल्यासारखं होईल. असेच बसलात तर वाकडं होईल, कदाचित ताठणारही नाही. लघवीला रक्त?

सिद्धू : थेंबभर दिसलं.

डॉक्टर : त्या दोन नळ्यांच्या खालून लघवीची वाट जाते. तीत औषध सोडून आणखी एक फोटो काढू. पांढरी रेघ सलग दिसली की वाट शाबूत.

(थोड्या वेळानं डॉक्टर दुसरा फोटो नुकताच धुतलेला, ओलाच घेऊन येतात. सिद्धूची बायको हरणाबाई दारात उभी.)

डॉक्टर : रेघ सलग आहे. सुटलात!

सिद्धू : पर टाकं घालताना ते नसबंदीचं न्हाई न्हवं करायचं? सरकारी कॅम्पात माणसं धरून न्हेत्यात म्हनं.

डॉक्टर : त्या नसा वेगळ्या. त्यांना मी हात लावणार नाही, शब्द देतो.

हरणाबाई : सायब, ह्ये जगत्याल न्हवं?

डॉक्टर : जिवाला काही धोका नाही, बाई.

हरणाबाई : रातभर ह्ये कण्हत हुते, मला जवळ येऊ दिनात. म्याच मोडलं ह्यास्नी, असं वाटायचं. लय भ्या वाटलं.

सिद्धू : खुळी का काय! मला वाटलं, तू आता म्हायेरची वाट धरतीस.

हरणाबाई : अशा वक्ताला? असं कसं वाटलं तुमास्नी?

डॉक्टर : चला, भूल द्यायच्या आधी या संमतीच्या कागदावर अंगठा करा.

सिद्धू : अंगठा शाईनं निसटतोय. हरणे, मनगट धर जरा.

हरणाबाई : माझ्याबी हाताला शाई लागंल.

सिद्धू : लागू दे. धर.