कॅमेऱ्याची मूठ आणि काकांचं खोबरेल

माझा कॅमेरा समुद्रात गेला त्याला जबाबदार एकच माणूस, माझे सख्खे काका. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, तेव्हा पाठीमागे बोलतोय असं समजू नका.

कॅमेरा मिररलेस, साबणाच्या वडीएवढा. माझे पंजे नारळ सोलून रुंद झालेले, धरला की करंगळी खाली लोंबकळायची. म्हणून खालून स्क्रूने बसणारी रबरी मूठ मागवली, मागे अंगठ्याला टेकू लावला. तेव्हा कुठे तो हातात बसला. पहिलं कामही मिळालं, नागावच्या किनाऱ्यावर एका जोडप्याचं प्री-वेडिंग.

आदल्या दिवशी दसरा. काकांनी कोयत्याशेजारी कॅमेराही पूजेला मांडला. मला बरंच वाटलं. पण कोयत्याला चोळतात तसं खोबरेल त्यांनी कॅमेऱ्याच्या मुठीलाही चोळलं होतं, आणि झेंडूचा हार घालायला मनगटाचा पट्टा सोडून ठेवला होता. पट्टा नाही हे मला पाण्यात उतरल्यावर कळलं. म्हटलं, मूठ आहे ना! लाटेचं पाणी उडालं, मूठ बुळबुळीत झाली आणि कॅमेरा बोंबलासारखा हातातून सुटला.

घरी काका म्हणतात, "अवजाराला तेल लावायचं न्हाय तर काय? रबर तडकलं असतं."

"काका, ती मूठ हातातून निसटू नये म्हणूनच लावली होती!"

"मग नीट धरायचं. कॉलेजपण असंच सुटलं ना तुझ्या हातातून?"

कॅमेरा मेला. ते काम दुसऱ्याने केलं. मी परत नारळ सोलतोय, काकांच्याच वाडीत.