मानाची साखळी

कडूबा : ...म्हणून म्हणतो मामा, दोन दिवस तुमची साखळी द्या. विहिरीत पडलेलं इंजिन वर आलं, की सिल्लोडच्या गाडीत घालून परत आणतो.

बद्रीनाथ : दोरखंड बघ की कुठं.

कडूबा : दोर तुटला म्हणूनच तर पडलं! ही कंपनीची साखळी. अख्ख्या मशिनी उचलायची म्हणं.

बद्रीनाथ : उचलायची. चिकलठाण्याच्या आमच्या कंपनीत पत्रा दाबायची पहिली प्रेस आली, तवा क्रेनला इशारा मीच दिला. वीतभर उचलून थांबवली, साखळी निरखली, मगच पुढं. साहेबलोकबी चिडीचूप! काय दिवस होते, कडूबा. रोज सकाळी फडक्यानं पुसून कडी न् कडी चाचपायचो.

साळूबाई : माझ्याकडं बघायला सवड नव्हती, साखळीकडं बघायचे! द्या की वो. भाचा दारात आलाय. निवृत्तीला कंपनीनं मानानं दिलेली वस्तू, नुसती कोपऱ्यात बसून दसऱ्याला हळद-कुंकू घेती.

बद्रीनाथ : विहिरीत कोण उतरणार?

कडूबा : मी आन शेजारचा सांडू. खालून रेटा द्यायला कोणीतरी लागतंच.

बद्रीनाथ : उचललेल्या वजनाखाली?

कडूबा : साखळी तुमची हाये, भ्यायचं काय?

बद्रीनाथ : ...साळू, ही कंपनीनं दिलेली नाय.

साळूबाई : म्हंजी?

बद्रीनाथ : तपासणीत मीच नापास केली. नापास साखळीचे लगेच गॅसनं तुकडे करायचे, पुन्हा कोणी वापरू नये म्हणून. माझा जीव झाला नाय. गोणीत घालून सायकलवर आणली, आन तुला मानाची म्हणून सांगितलं.

साळूबाई : अगं बाई! आन मी चौदा वर्सं आल्या-गेल्याला कौतुकानं दाखवती!

कडूबा : पर दिसती तर ठणठणीत.

बद्रीनाथ : अशी हातात ताणून धरली की तशीच दिसती. ढिली कर. कडी फिरव. जिथं कडीला कडी घासती, तिथं बोट घाल.

(साखळी फरशीवर सैल पडल्याचा खडखडाट.)

कडूबा : ...चांगलाच खळगा पडलाय की, मामा.

बद्रीनाथ : तिथंच तुटंल. आन तुटताना सांगत नाय.

कडूबा : मग ऱ्हाऊ द्या. चेनपुली भाड्यानं बघतो.

बद्रीनाथ : चेनपुली आणली तरी खाली माणूस ठेवू नको. आन हिचं एक टोक धर. नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडं तोडायला न्यायची.

कडूबा : कशाला? नाय नेत मी. घरात आठवण म्हणून असू द्या.

बद्रीनाथ : उद्या मी नसलो, आन दुसरं कोणी मागायला आलं, तर तुझी मामी नाय म्हणायची नाय. धर.

साळूबाई : थांबा, चपला घालते. मीबी येते.

कडूबा : तुम्ही कशाला मामी? लई ऊन हाये.

साळूबाई : तुकडे होताना ह्यांच्याजवळ कोणीतरी नको का?